जुना गीझर आणि बोअरचं पाणी: दुरुस्तीनंतरचा एक हिवाळा

यावल तालुक्यात आमचं गाव. केळीचा पट्टा, वापराला बोअरचं पाणी. घर बांधलं तेव्हा बसवलेला २५ लिटरचा, २००० वॅटचा स्टोरेज गीझर दिवाळीच्या तोंडावर अगदीच ढेपाळला. पहिली बादली जेमतेम गरम, दुसरी कोमट, आणि तापायला तासाच्या वर वेळ. ज्याला विचारावं तो म्हणे, भंगारात द्या आणि नवा घ्या. आम्ही तोच दुरुस्त करून घेतला आणि होळीपर्यंत भरल्या घरात रोज वापरला. गीझर आता उत्तम चालतोय. आपल्या भागात जुना गीझर रुसतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे, नळजोडणीमुळे नाहीतर व्होल्टेजमुळे. नवा आणला तरी या तिन्ही गोष्टी घरात तशाच राहतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गीझर उघडण्याआधी एक तपासणी फुकटात होते. गीझरचा स्विच बंद करा, त्याला येणाऱ्या थंड पाण्याचा कॉक बंद करा आणि बाथरूममधला फक्त गरम पाण्याचा नळ सोडा. धार लगेच आटायला हवी. आमच्याकडे ती वाहतच राहिली. म्हणजे जुन्या मिक्सरमधून (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळातून) थंड पाणी गरम लाईनमध्ये घुसत होतं. गीझर बिचारा पाणी तापवत होता आणि मिक्सर ते वाटेतच निववत होता. मिक्सरच्या आतले झिजलेले स्पिंडल बदलले, आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली. हँड शॉवर मिक्सरला जोडून त्याचं तोंड बंद ठेवायचं आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडे सोडायचे, ही सवय असलेल्या घरातही हेच होतं.

दुसरी गोष्ट जोडणीची. बंब ज्यांनी वापरलाय त्यांना हे पटकन कळेल. बंबात वरून थंड पाणी ओतलं की ते नळीवाटे तळाशी जातं आणि तापलेलं पाणी वर ढकलून तोटीतून बाहेर काढतं. गीझरचंही तसंच आहे. निळ्या कड्याच्या पाईपने थंड पाणी तळाशी शिरतं, लाल कड्याचा पाईप आत थेट वरपर्यंत गेलेला असतो आणि तिथलं गरम पाणी उचलतो. रंगकामाच्या वेळी गीझर काढून पुन्हा बसवताना हे दोन पाईप उलटे लागले तर थंड पाणी वरच्या गरम पाण्यात मिसळत राहतं आणि बाहेर येतं ते तळाचं कोमट. शेजारच्या आप्पांकडे नेमकं हेच निघालं. कनेक्शन बदलायचं काम किरकोळ होतं, त्यासाठी ते नवा गीझर आणायला निघाले होते.

आता खरा आजार. वायरमनने मेन एमसीबी (वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडली, टाकी रिकामी केली, खालच्या फ्लँजचे (टाकीच्या तोंडावरच्या झाकणाचे) नट सोडले आणि एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी दांडी, ओढलं, तर ते निम्म्यात अडकलं. त्यावर क्षाराचा थर इतका चढला होता की ते आपल्याच भोकातून बाहेर येईना. स्क्रू ड्रायव्हरने टोचून टोचून खपल्या पाडल्या, तेव्हा कुठे सुटलं. पांढरट-तपकिरी, अंड्याच्या टरफलासारख्या ठिसूळ खपल्या. तळाशीही त्यांचाच थर, हाताने उपसून काढावा लागला. मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड तर संपलाच होता, मधली लोखंडी तार तेवढी उरली होती. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो आणि टाकीला गंजापासून वाचवतो. आपल्या पाण्यात तो वर्षातून एकदा बघायलाच हवा. एरवी रॉड कधी संपला हे बाहेरून कळत नाही, आणि पुढची पाळी टाकीची असते.

ज्या क्षारांनी शेतात ठिबकचे ड्रिपर चोंदतात आणि आपण ॲसिड ट्रीटमेंट करतो, तेच क्षार गीझरमध्ये बसतात. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचा कार्बोनेट होऊन तो सगळ्यात गरम जागी, म्हणजे एलिमेंटवर, चिकटतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, एलिमेंटभोवतीच कोंडते. ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटला तीच आधी लागते आणि सगळी टाकी तापायच्या आतच दिवा विझतो. गीझरमधून येणारा तडतड, खदखद आवाज हा या थराचाच. पुढे एलिमेंटचं कवच फुटतं आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागते. तसं झालं की स्विच पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. पाण्यात करंट उतरण्याची ती खूण आहे. आधी अर्थिंग तपासा.

आम्ही नवं इनकोलॉयचं (न गंजणाऱ्या मिश्रधातूचं) एलिमेंट, नवा थर्मोस्टॅट, नवा अॅनोड रॉड आणि नवं गॅस्केट (फ्लँजखालचा रबरी वायसर) टाकलं. गॅस्केट जुनंच बसवण्याचा मोह टाळावा, आठवड्यात पाझरतं. भरताना गरम नळातून सलग धार येईपर्यंत स्विच लावायचा नाही. रिकाम्या टाकीत नवं एलिमेंट काही मिनिटांत जळतं.

आता वापराबद्दल. थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या आसपास ठेवलाय. ६० च्या पुढे क्षार भराभर बसतात आणि आंघोळीला तेवढं गरम पाणी लागतही नाही. २५ लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला हिशोबाने साधारण एक युनिट वीज आणि अर्धा तास लागतो. रात्री आमचा गीझर जवळपास तेवढाच वेळ घेतो. पहाटे मात्र वेगळं चित्र. केळीवरच्या मोटारी सुरू असल्या की आमच्या गल्लीत व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे २३० ला २००० वॅट देणारं एलिमेंट १८० ला सव्वाबाराशेच्या आसपासच देतं. अर्ध्या तासाचं काम पाऊण तासाच्या पुढे जातं. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात टाकीतलं पाणीच गार असतं, तेव्हा आणखी वेळ. यात बिघाड काहीच नाही. मोटारी सुरू व्हायच्या आत आई गीझर लावते, एवढ्यावर भागतं. गीझरसाठी मोठा स्टॅबिलायझर घ्यायला एकाने सुचवलं होतं, मला तो खर्च वाया वाटतो. कमी व्होल्टेजने पाणी उशिरा तापतं, एलिमेंट खराब होत नाही.

तिसऱ्या बादलीबद्दल घरोघरी ओरड असते. ५५ अंशांचं २५ लिटर पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळून ४० वर आणलं तर चाळीसेक लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. लागोपाठ तिसरी बादली कोमट आली तर तो गीझरचा दोष धरू नये, वीसेक मिनिटं थांबावं.

थंड पाणी शिरतं त्या इनलेटवर क्षार चिकटू न देणाऱ्या पॉलिफॉस्फेटच्या खड्यांची छोटी बाटलीही बसवली. खडे विरघळत जातात, पुन्हा भरावे लागतात. संक्रांतीनंतर तळाचा नट सोडून थोडं पाणी काढलं तेव्हा चमचाभर पांढरी रेती आली. होळीला फ्लँज पुन्हा उघडून घेतलं तर एलिमेंटवर नखाने निघेल इतकीच पातळ साय. हे श्रेय खड्यांचं की कमी तापमानाचं, ते वेगळं काढता येणार नाही, पण मी दोन्ही चालू ठेवणार आहे.

नाराजी एकाच गोष्टीची. गीझर वरच्या मजल्यावर आणि आईची बाथरूम खाली. पाऊण इंची पाईपमध्ये दर दहा मीटरला अडीच लिटर पाणी थांबतं, ते आधी गार येतं. पाईपला फोमची नळी चढवल्यावर लागोपाठच्या आंघोळींना फरक पडला, पहिल्या आंघोळीला नाही. नवं बांधकाम करणाऱ्यांनी गीझर बाथरूमच्या भिंतीलाच घ्यावा.

आणि हे सगळं टाकी शाबूत असेल तरच. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडले तर घाबरू नका, पाणी प्रसरण पावतं ते तिथून निघतं. पण बाहेरच्या डब्याच्या तळातून गंजाचा तांबडा ओघळ येत असेल तर आतली टाकी फुटली आहे. तेव्हा एलिमेंट-गॅस्केटवर पैसे घालू नका, आणि कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी करू नका. त्या आचेने आतलं काचेचं अस्तर उडतं आणि टाकी शेजारून पुन्हा गळते.