ट्रेनवेड्यांच्या आणि ट्रेनला घाबरणाऱ्यांच्या शब्दांचं अ‍ॅप: प्रेमाला चार स्टार, भीतीला दीड

रोज एक विचित्र शब्द, खाली एका ओळीत अर्थ, बाजूला स्पीकरचं चिन्ह आणि मग मोठ्ठी जाहिरात, अशी जी फुकट अ‍ॅप्स असतात ना त्यातल्याच एकाचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही सगळी एकमेकांवरून उतरवलेली असतात, एकाला शिव्या घालून दुसऱ्याला सोडण्यात अर्थ नाही. यात विषयवार गठ्ठे आहेत, आणि मी फक्त ट्रेनच्या गठ्ठ्याबद्दल बोलणार आहे, ज्याचे दोन भाग आहेत, ट्रेनचं प्रेम आणि ट्रेनची भीती.

प्रेमाचा भाग खरंच मजेशीर जमलाय. पहिलाच शब्द फेरोइक्विनॉलॉजिस्ट. लॅटिनमध्ये फेरम म्हणजे लोखंड, इक्वस म्हणजे घोडा, त्यामुळे हा झाला लोखंडी घोड्यांचा अभ्यासक. शब्द उघड उघड थट्टेतला आहे पण अ‍ॅप तो इतक्या गंभीर चेहऱ्याने देतं की वाटावं कुठेतरी याची डिग्री मिळते. पुढे ब्रिटिश लोकांचा ग्राइसर, ज्याच्या उगमाच्या तीन-चार कहाण्या सांगतात आणि एकही सिद्ध झालेली नाही (अ‍ॅपने त्यातली एक ठोकून दिलीये, तेवढं सोडून द्या). ऑस्ट्रेलियातला गंझेल, जो आधी ट्रामवेड्यांना चिकटला आणि मग ट्रेनवाल्यांनाही. अमेरिकेतला फोमर, म्हणजे इंजिन दिसलं की ज्याच्या तोंडाला फेस येतो असा माणूस, आणि हे नाव रेल्वेत काम करणारेच वापरतात, कारण रुळांच्या कडेला कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या मंडळींना सांभाळायचं त्यांनाच असतं. माझा सगळ्यात आवडता जर्मन, पुफरक्यूसर, बफरचे मुके घेणारा! बफर म्हणजे डब्याच्या टोकाला धक्का झेलायला जे गोल ताटासारखं असतं ते. आणि फ्रेंचांनी तर फेरोव्हिपाथ म्हणून सरळ रोग्यांच्या यादीतच बसवलंय बिचाऱ्यांना.

ट्रेनस्पॉटर हा शब्द सगळ्यांना माहीत असतो म्हणून त्यावर फार थांबले नाही, पण तिथे इयान अ‍ॅलन यांचा उल्लेख आहे हे आवडलं. १९४२ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या सदर्न रेल्वेच्या इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका काढली आणि इंजिन बघून नंबरावर खूण करत जायचा नाद पोरांमध्ये भराभर पसरला. अशा माहितीनेच शब्द लक्षात राहतो.

एक मोठं भोक आहे ते जपानचं. जपानी मंडळींनी या वेडाचे पोटप्रकार पाडून ठेवलेत, तेत्सु म्हणजे लोखंड, तो शब्द मागे जोडायचा: फोटो काढणारे तोरी-तेत्सु, नुसतं बसून फिरणारे नोरी-तेत्सु, इंजिनाचे नि घोषणांचे आवाज रेकॉर्ड करणारे ओतो-तेत्सु, आणि एखादी गाडी कायमची बंद होणार असली की तिच्या शेवटच्या फेरीला गर्दी करणारे सोशिकी-तेत्सु, यातलं सोशिकी म्हणजे अंत्यविधी. इतका चविष्ट माल जगात पडलेला असताना अ‍ॅपमध्ये जपानबद्दल एक ओळ, ती पण कोरडी. एक स्टार तिथेच गेला.

आता भीती. इथे एकच शब्द मिरवलाय, सायडरोड्रोमोफोबिया, आणि त्याची फोड चुकलीये. सायडरो म्हणजे तारा असं लिहिलंय! तो लॅटिन सिडस, वेगळा शब्द. इथला सायडरो ग्रीक आहे, सिडेरोस, लोखंड, आणि ड्रोमोस म्हणजे धाव किंवा वाट. आजच्या ग्रीकमध्ये रेल्वेला सिदिरोद्रोमोस हाच रोजच्या वापरातला शब्द आहे. म्हणजे काय, तर आपला लोहमार्गच. एवढं सांगितलं असतं तरी मराठी माणसाची या शब्दाची भीती निम्मी झाली असती. जर्मन आयझेनबान, फ्रेंच श्मँ द फेर, तुर्की देमिरयोलु, जपानी तेत्सुदो, सगळे लोखंडी रस्तेच, आणि आपली आगगाडी म्हणावी तर चिनी भाषेत हुओछं म्हणजे पण आगीचीच गाडी. पण नाही, अ‍ॅपला तारे दिसले.

अर्थही अर्धाच दिलाय. 'ट्रेनने प्रवास करण्याची भीती', संपलं. योहानेस रिगलर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७९ मध्ये हा शब्द आणला तो प्रवाशांसाठी नव्हताच, रेल्वेत नोकरी करणाऱ्यांसाठी होता, म्हणजे इंजिनावरचे हादरे खाऊन खाऊन पाठ गेलेली, मन धास्तावलेलं आणि कामावर जायचं म्हटलं की नको नको होणारी माणसं. त्याच्या आधी १८६६ मध्ये लंडनचे सर्जन जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्यांबद्दल लिहिलं होतं, अंगावर मोठी जखम नाही पण झोप उडालेली, विसरभोळेपणा, अंगदुखी, आणि याला लोक रेल्वे स्पाइन म्हणायला लागले, कारण एरिक्सन यांचं म्हणणं पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला धक्का बसतो असं होतं. मग १८८३ मध्ये हर्बर्ट पेज म्हणाले की कण्याला काही झालेलं नाही, हा घाबरल्याचा परिणाम आहे. पेज हे स्वतः एका रेल्वे कंपनीचे सर्जन होते आणि नुकसानभरपाईचे दावे चालू होते, हे ध्यानात ठेवून वाचा! तरी त्यांचा मुद्दा पुढच्या काळात बराच टिकला हेही खरंच. हा सगळा वाद म्हणजे या शब्दामागची खरी गोष्ट आहे आणि अ‍ॅपमध्ये त्याचा मागमूस नाही.

त्या काळातली भीती उगाच नव्हती हो. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस (चाकं जोडणारा दांडा) तुटला, आग लागली, आणि डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद होती, तशी तेव्हा पद्धतच होती. पन्नासच्या वर माणसं गेली, त्यात द्युमाँ द्युर्व्हील हा जगभर समुद्र पालथा घातलेला दर्यावर्दी बायको-मुलासकट. त्यानंतर फ्रान्सने दारं कुलूपबंद करणं सोडलं. चार्ल्स डिकन्स ९ जून १८६५ च्या स्टेपलहर्स्टच्या अपघातातून वाचले, जखमींना पाणी पाजत फिरले, पण पुढे ट्रेनमध्ये बसलं की त्यांना धास्ती भरायची.

आणि ती कुलूपबंद दारं इथे महत्त्वाची आहेत, कारण आज ट्रेनला घाबरणारी पुष्कळ माणसं ट्रेनला घाबरत नसतात, मधेच उतरता येणार नाही याला घाबरतात. डॉक्टरकडे गेलात तर कुणी सायडरोड्रोमोफोबिया लिहून देणार नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, अ‍ॅगोराफोबियाच्या पाच परिस्थिती आहेत, सार्वजनिक वाहनं (ट्रेन त्यातच आली), मोकळ्या जागा, बंद जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. यातल्या किमान दोन लागतात, आणि गाभा काय तर इथून निसटता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही हा विचार. फक्त ट्रेनचीच भीती असेल तर ती स्पेसिफिक फोबियामध्ये जाते. दोन्हींवर बोलून आणि थोडं थोडं सामोरं जाऊन उपचार होतात, आधी प्लॅटफॉर्मवर नुसतं उभं राहायचं, मग एकच स्टेशन, असं. ज्याला खरंच त्रास आहे तो रात्री अ‍ॅप उघडून हाच शब्द शोधणार, त्याला एक ग्रीक बिरुद आणि खाली जाहिरात मिळते. दीड स्टार पण जास्तच झाले.

आणखी एक, प्रेमाच्या भागात शेवटी सायडरोड्रोमोफिलिया टाकलाय 'ट्रेनची आवड' म्हणून. हा शब्द काही याद्यांमध्ये लैंगिक आकर्षणाच्या रकान्यात असतो, तेव्हा प्रोफाइलमध्ये हौसेने टाकण्याआधी दोनदा विचार करा, रेलफॅन लिहा, सुखी राहाल.

क्विझ ठीकठाक आहे, पण चारही पर्यायांच्या शेवटी फोबिया असल्यामुळे घोकंपट्टीच होते. उच्चाराचा आवाज यंत्राचा आहे, इंग्रजी शब्दांना चालतो पण पुफरक्यूसरचं त्याने जे केलंय ते कुठल्याही जर्मन माणसाला ऐकवू नका. नेट नसताना चालतं ही जमेची बाजू. नोटिफिकेशन मात्र पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर मीटिंगमध्ये फोन मोठ्याने फेरोइक्विनॉलॉजिस्ट ओरडतो.