दुसऱ्या जागचा बॅकअप: आठ महिने वापरल्यावर

व्हीएम (एका सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) ज्या रॅकमध्ये, बॅकअपही त्याच रॅकमध्ये, हा माझा कारभार बरीच वर्षं बिनबोभाट चालला. मग एकदा यूपीएसमधून धूर निघाला. नुकसान काहीच झालं नाही, पण झोप उडाली. तेव्हा व्हीएमचे बॅकअप साठवणाऱ्या मुख्य प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरच्या जोडीला दुसरा एक उभा केला, वेगळ्या इमारतीत.

मला सगळ्यात पटली ती सिंकची, म्हणजे एका सर्व्हरवरचे बॅकअप दुसऱ्यावर उतरवण्याची, दिशा. इथला सर्व्हर तिकडे काही पाठवत नाही. तिकडचाच रात्री येऊन ओढून नेतो, तेही फक्त वाचायची परवानगी असलेल्या टोकनवर (पासवर्डऐवजी वापरायच्या सांकेतिक ओळखीवर). तिकडचा पासवर्ड इकडे कुठेच नाही. उद्या रॅन्समवेअरने इथलं रूट (सर्वाधिकार असलेलं खातं) बळकावलं तरी त्याला दुसऱ्या पेटीचं दार सापडू नये, एवढाच हेतू. नव्या आवृत्त्यांत पुश सिंकही (इथूनच तिकडे पाठवणं) आलाय, मी मुद्दाम हात लावलेला नाही. इकडे पुसलेलं तिकडेही पुसणारा ‘रिमूव्ह व्हॅनिश्ड’ हा पर्याय मुळात बंदच असतो, तो तसाच राहू द्या.

पहिला सिंक दोन्ही पेट्या शेजारी ठेवून लॅनवर उरकला, मग पेटी हलवली. त्यानंतर फक्त नवे तुकडे जातात. व्हीएमची डिस्क ४ एमआयबीच्या (सुमारे ४ एमबीच्या) तुकड्यांत कापली जाते आणि सारखे तुकडे एकदाच साठतात. होस्ट (व्हीएम चालवणारं मशीन) रीबूट झाल्यावर डर्टी बिटमॅप (डिस्कचा कुठला भाग बदलला याची नोंद) जातो, त्या रात्री अख्खी डिस्क पुन्हा वाचली जाते. पहिल्यांदा मी घाबरलो होतो. पण बाहेर गेलेला डेटा नेहमीइतकाच निघाला.

जागा भरत आली तेव्हा प्रून केलं (जुने बॅकअप यादीतून काढले), गार्बेज कलेक्शन (बिनवापराचे तुकडे पुसणं) चालवलं, आणि सुटलं शून्य! प्रून फक्त यादीतली नोंद काढतं, तुकडे नाही. तुकडा शेवटच्या वापरानंतर २४ तास ५ मिनिटं उलटल्याशिवाय पुसला जात नाही. दुसऱ्या दिवशी जागा मोकळी झाली. म्हणून डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका.

आता माझी फजिती. तिसऱ्या महिन्यात सुट्या मशीनवर रिस्टोअरची तालीम घेतली. सगळे स्नॅपशॉट (त्या त्या वेळचे बॅकअप) दिसत होते, उघडेना एकही. बॅकअप एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद. त्यांची की मुख्य होस्टवर, आणि तिची प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये. तो पासवर्ड मॅनेजर म्हणजे याच बॅकअपमधली एक व्हीएम! किल्ली कुलपाच्या आतच. तोवर दर आठवड्याचं व्हेरिफाय (साठवलेला डेटा शाबूत आहे का याची तपासणी) हिरवं दाखवत होतं, आणि त्याचं चुकत नव्हतं. सर्व्हरकडे की नसते, त्यामुळे एन्क्रिप्टेड तुकड्यांचा तो फक्त सीआरसी (डेटा बिघडलाय का हे सांगणारा पडताळणीचा आकडा) तपासतो. त्याच संध्याकाळी ‘पेपरकी’ कमांडने क्यूआर कोडसकट की छापली. एक कागद दुसऱ्या जागी, एक तिसऱ्या.

कुरकुर एकच. फिरत्या डिस्कवर व्हेरिफाय आणि गार्बेज कलेक्शन दोन्ही रखडतात. असंख्य छोट्या फायली, डिस्कची सुई नुसती नाचत असते. बजेट असेल तर एसएसडीच घ्या, निदान झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या मेटाडेटापुरती (फायलींविषयीच्या नोंदींपुरती) तरी.

आणि इंटरनेट लाइनचा हिशेब आधीच करून ठेवा. ४०० जीबी परत आणायचे तर ५० एमबीपीएसवर जवळपास १८ तास लागतात, तेही लाइन अखंड चालली तर. माझ्या आपत्कालीन कागदावर त्यामुळे पहिलीच ओळ आहे: ‘गाडी काढा, पेटी उचलून आणा.’