बाल संगोपन योजना: पैसे चांगले, पण महिन्याच्या हिशेबात धरू नका

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा जास्तच दिलाय असं आमची सौ. म्हणते.

मी सांगलीवाडीचा, एस.टी.तला रिटायर कंडक्टर. जावई गेले आणि मुलगी दोन पोरं घेऊन आमच्याकडे आली. नातू सहावीत, नात दुसरीत. मुलगी दिवसभर शिलाई मशिनवर, त्यामुळे पोरांसाठी सरकारकडून काय मिळतंय हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ज्याला विचारावं तो आधी 'लेक लाडकी'चं नाव घेतो. योजना चांगलीच आहे. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड, वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत, आणि टप्प्याटप्प्याने एकूण 1,01,000 रुपये, त्यातले 75,000 मुलगी अठराची झाल्यावर. पण मुलीचा जन्म 1 एप्रिल 2023 किंवा त्यानंतरचा लागतो. आमची नात त्याआधीची. विषय संपला.

मग बाल संगोपन, म्हणजे पोरांच्या सांभाळासाठी सरकार महिन्याला देतं ती मदत. ही फक्त अनाथ पोरांसाठी असते असा समज आमच्या गल्लीत अजून आहे. तसं नाही. आई-बापांपैकी एक जण गेला असेल, घटस्फोट झाला असेल, एकाने सोडून दिलं असेल, कुणाला मोठं दुखणं असेल, तरी अर्ज करता येतो. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत मिळते. आधी महिन्याला 1,100 होते, 2023 पासून 2,250 झाले. म्हणजे दोघांचे मिळून 4,500. किराणा, गॅस आणि लाईट बिल यातलं बरंचसं यात बसतं. पूर्ण नाव 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना'. सावित्रीबाई आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या, नायगावच्या, तेव्हा नावाबद्दल तक्रार नाही. अर्जावरच्या रेघेत मात्र ते मावत नाही.

कागद बरेच लागतात: मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशन कार्ड, शाळेचं बोनाफाईड, पासबुकाची झेरॉक्स. 2019 च्या महापुरानंतर सांगलीवाडीत कुठल्याही घरात जा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर. त्यामुळे शोधाशोध झाली नाही. अडलो एका फोटोपाशी. आईने पोराला घेऊन घरासमोर उभं राहायचं आणि तो फोटो अर्जाला लावायचा. मोबाईल मीच धरला होता. नातू म्हणाला, "आबा, हसायचं का?" मला काही सुचेना. मुलगीच म्हणाली, "हस की, त्यात काय." तो हसला, नात मात्र चपलेकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा काढायला दोघंही तयार नव्हती, तोच लावला. चालला.

नंतर चौकशीला बाई घरी आल्या. ही गृहभेट नीट झाली, तारे इथलेच आहेत. अंथरूण कुठे, अभ्यास कुठे करता, शाळेत सोडायला कोण जातं, सगळं पोरांनाच विचारलं. आम्ही मध्ये बोलायला लागलो की हाताने थांबवायच्या. मग बाल कल्याण समितीपुढे पोरांना घेऊन जायचं, आणि मंजुरी त्यांच्याकडून. तिथेही वागणूक चांगली मिळाली.

तारे गेले पैशाच्या तारखेत. महिन्याच्या महिन्याला जमा होतील या हिशेबाने मुलीने भिशी लावली होती. काहीच येईना. एका टेबलावर सांगायचे वरून निधी नाही, दुसऱ्यावर खातं आधारला जोडलेलं दिसत नाही. बँकेत खातं जोडलेलंच होतं. मग एक दिवस बऱ्याच महिन्यांचे एकदम आले. आमच्या डेपोच्या मुक्कामी गाडीसारखं आहे हे: येणार नक्की, वेळ विचारू नका. तेव्हा या पैशावर हप्ता, भिशी, उधारी काही ठेवू नका. घर आधी चालतं तसंच चालवा आणि रक्कम आली की मोठ्या खर्चाला लावा. आम्ही व्हॅनचे वर्षाचे पैसे एकदम भरले.

उरलेल्यातून पोस्टात नातीचं सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलींच्या बचतीचं खातं, काढलं. मुलीला दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढावं लागतं. वर्षाला कमीत कमी 250, जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षं भरायचे, खातं एकवीस वर्षांनी संपतं. जानेवारी 2024 मध्ये व्याज 8.2 टक्के केलं. तो दर सरकार तिमाहीला ठरवतं, म्हणून एकवीस वर्षं हाच राहील असं धरू नका. नातवाने लगेच विचारलं, माझं कुठाय? सुकन्या फक्त मुलींना. त्याला आर.डी. काढून दिली, तरी अजून फुगलेलाच आहे.

झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एक जण "फाईल मी लावून देतो" म्हणत पैसे मागत होता. अर्जाला फी नाही, सही आईची लागते आणि समितीपुढे तुम्हालाच जायचंय. मग तो नेमकं काय करणार? आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढून घ्या. जून उजाडला की सगळ्या शाळा-कॉलेजांची पोरं सेतूत उतरतात आणि दुपारपर्यंत सर्व्हर बसतो.