नोझावा ओन्सेनचे सोतोयु: कढत पाणी आणि विसण घालायची परवानगी

जपानच्या नागानो प्रांतातल्या या गावात बहुतेक लोक स्कीइंगला जातात, आम्ही मात्र फेब्रुवारीत तीन रात्री राहिलो ते खास सोतोयुसाठी, आणि स्की एकदाही पायात घातली नाही तरी जाणं सार्थकी लागलं. सोतो म्हणजे बाहेर, यु म्हणजे गरम पाणी. गावात अशी १३ सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, सगळी फुकट, फक्त दाराशी एक दानपेटी असते, आम्ही दर वेळी त्यात १०० येनचं नाणं टाकत होतो.

फुकट म्हणजे सरकारी असेल असं मला आधी वाटलेलं. तसं नाहीये. प्रत्येक न्हाणीघराच्या आसपासची घरं मिळून ते सांभाळतात, त्या मंडळाला युनाकामा म्हणतात, साफसफाईच्या पाळ्या लावलेल्या असतात, विजेचा खर्चही तेच वाटून घेतात आणि हे एदो काळापासून (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंतचा काळ) चालत आलंय. म्हणजे आपण लोकांच्या घरच्या मोरीत आंघोळीला आलेले पाहुणे आहोत, हे डोक्यात ठेवूनच आत जायचं.

आता पाण्याबद्दल. पाणी गरम नाही, कढत आहे! ओगामा नावाचा झरा आहे तिथे ९० अंशांच्या आसपास तापमान असतं, गावातले लोक त्यात भाजी उकडून घेतात, बाहेरच्यांना आत जाता येत नाही, कठड्यापाशी उभं राहून वाफ बघायची. न्हाणीघरातलं पाणी इतकं नसतं पण पाय घातला की चटका बसतोच. विसण घालायला थंड पाण्याचा नळ असतो, पण आधी हौदात बसलेल्यांना विचारायचं. एका संध्याकाळी दोन पाहुण्या मुलींनी न विचारता नळ सोडून दिला, पाणी पार कोमट झालं, आणि दिवसभर बर्फ उपसून आलेल्या दोन बायका काही न बोलता थांबून राहिल्या, मला फार वाईट वाटलं ते बघून.

साबण, टॉवेल सगळं आपलं आपण न्यायचं. बायकांचं-पुरुषांचं वेगळं असतं, पण स्विमसूट चालत नाही, काही ठिकाणी कपडे ठेवायची फळी आणि हौद एकाच खोलीत आहेत, संकोच वाटत असेल तर पहाटे लवकर जा. आधी अंगावर पाणी घेऊन मगच हौदात उतरायचं. ओयु नावाचं न्हाणीघर सगळ्यात प्रसिद्ध, देवळासारखी लाकडी इमारत, बघायला सुंदर पण गर्दी असते, मला गल्लीतली छोटी जास्त आवडली.

तक्रार एकच, सगळं गाव चढ-उताराचं आणि रस्त्यावर बर्फ, आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी बूट कसे हवेत हे कोणी आधी सांगितलं नाही, बॅग ओढत वर जाताना हाल झाले. इइयामा स्टेशनपर्यंत शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन आहे, तिथून बसने साधारण २५ मिनिटं, ते सोपं आहे. १५ जानेवारीच्या आसपास जाणार असाल तर खोली खूप आधी बुक करा, त्या रात्री दोसोजिनचा, म्हणजे वाटेच्या राखणदार देवाचा, अग्नी उत्सव असतो, ४२ वर्षांचे पुरुष लाकडी मनोऱ्यावर बसतात, २५ वर्षांचे खाली उभे राहून तो राखतात आणि बाकीचं गाव मशाली घेऊन तो पेटवायला येतं.

खायला ओयाकी घ्या, म्हणजे सारण भरलेला पिठाचा गोळा, आत नोझावाना या इथल्या पालेभाजीचं सारण, वाफाळतं.

शेवटच्या रात्री छोट्या न्हाणीघरात एक आजी एकट्याच होत्या. मी नळाकडे बोट दाखवून विचारलं, त्या हसल्या आणि स्वतःच उठून माझ्या बाजूला थोडं थंड पाणी सोडलं, मग हाताने ढवळून बघितलं आणि बस म्हणून खूण केली. तिथून खोलीवर जायला दहा मिनिटं लागली, हातातला ओला पंचा थंडीने कडक झाला होता, पण मी जाकिटाची चेन उघडीच ठेवून चालत होते.