माळ्यावरची बाहुली: आधी चेहरा की आधी परकर?

माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेतून ती निघते. केसांचा झाडू झालेला, एक पापणी मिटलेली, गालावर निळ्या बॉलपेनची रेघ आणि अंगावर चिंधीही नाही. कोणी म्हणतं टाकून दे, कोणी म्हणतं नवीकोरी करून घे. दोन्ही सल्ले घाईचे. ठरवायचं असतं ते वेगळंच: डोळे, केस, रंग सगळं पूर्वीसारखं करायचं, की नुसती पुसून तिच्या मापाचे कपडे शिवायचे?

गेल्या काही वर्षांत घरातल्याच तीन बाहुल्या माझ्या हाताखालून गेल्या. मावशीची कचकड्याची, माझी स्वतःची प्लॅस्टिकची आणि आजीने जुन्या लुगड्याची केलेली चिंधीची. तिघींची तऱ्हा वेगळी. तरी माझा कल आधीच सांगते: चेहऱ्याला जमेल तितका कमी हात लावा आणि हौस सगळी कपड्यांवर फेडा. शिवण चुकली तर उसवता येते. पुसलेली भुवई परत येत नाही. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्याच बाहुलीची ती निळी रेघ काढायला मी नेलपॉलिश रिमूव्हर लावलं होतं. त्यातल्या ॲसिटोनने रेघेबरोबर गालाची लालीही नेली आणि खाली खरखरीत डाग तेवढा ठेवला.

(बाहुली विकायची असेल तर पुढचं वाचूच नका. संग्राहकाला मूळ रंग, मूळ केस आणि जमलं तर मूळ खोकं हवं असतं. धूळ झटका आणि थांबा.)

आधी ती कशाची आहे ते ओळखा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. कचकडं म्हणजे सेल्युलॉइड. हातात घेतल्यावर टेबल टेनिसच्या जुन्या चेंडूसारखं हलकं आणि पोकळ लागतं. २०१४ पर्यंत ते चेंडूही सेल्युलॉइडचेच असत. बाहुलीच्या दोन्ही कुशींवरून सांधा गेलेला दिसतो. बोटाने जोरात घासलं की कापराचा वास येतो, कारण कापूर त्यात मुळातच घातलेला असतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानने अशी खेळणी जगभर पाठवली. जर्मनीतल्या एका जुन्या कारखान्याच्या बाहुल्यांच्या पाठीवर कासवाचा छाप सापडतो. तापवलेली सुई टोचून पारख करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

म्हणूनच कचकड्याच्या बाहुलीला दुरुस्ती नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पोचा आला असेल तर राहू द्या. गरम पाण्यात बुडवून तो फुगवायला जाऊ नका, रंग काढायला कुठलंही द्रावण वापरू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि हवा खेळेल अशा जागी, देवघरातल्या निरांजनापासून व गॅसपासून लांब ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात तर मुळीच नको. जुनं झालं की सेल्युलॉइड आम्लाच्या वाफा सोडतं आणि कोंडलेल्या वाफांनी तेच आणखी लवकर खराब होतं.

प्लॅस्टिकच्या बाहुलीचं तसं नाही. तिला बरंच काही सोसतं. आपल्याकडे घरोघर असायची ती बहुधा कडक प्लॅस्टिकच्या अंगाची आणि मऊ व्हिनाइलच्या डोक्याची, टाळूत नायलॉनचे केस रोवलेली. अंग कोमट पाण्यात साधा साबण घालून धुवा, पण डोकं बुडवू नका. मिटणाऱ्या डोळ्यांच्या मागे वजन आणि धातूची तार असते. पाणी शिरलं की तार गंजते आणि मग उघडा डोळाही अडकतो. बॉलपेनच्या डागावर मुरुमांचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून उन्हात ठेवावं. औषधांच्या दुकानात सहसा २.५ आणि ५ टक्क्यांचं मिळतं, त्यामुळे धीर धरावा लागतो. रोज पुसून पुन्हा लावायचं. डाग जातो, पण आजूबाजूचा रंगही फिका पडू शकतो. म्हणून पायावर किंवा पोटावर खुशाल वापरा, ओठांजवळ नको.

केस विंचरायचे की नवे रोवायचे? विंचरा. कंडिशनर चोळून, टोकाकडून सुरुवात करत, एकेक बट सोडवली तर झाडूचेही केस होतात. नायलॉनला गरम पाण्याने वळण देता येतं. मात्र काही बाहुल्यांचे केस कढत पाण्याने आक्रसतात, तेव्हा मागची एक बट आधी बुडवून बघा. नवे केस रोवणं म्हणजे डोकं मानेतून काढून एकेका भोकात सुईने झुबका ओवणं. टक्कलच पडलं असेल तरच त्या वाटेला जा. अंग चिकट लागत असेल तर तो मळ नव्हे. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून मिसळलेला द्रव बाहेर येत असतो. पुसला तरी काही महिन्यांनी परत येतो. पॉलिथिनच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात गुंडाळा.

भुवया पार गेल्या असतील तर स्वतः रंगवायच्या की दुसऱ्याकडे द्यायच्या? लिस्बनमध्ये १८३० पासून बाहुल्यांचं हॉस्पिटल चालू आहे, तसं आपल्या गल्लीत नाही. पण गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात आहे. ओळखीतला मूर्तिकार असेल तर गणेशोत्सव उरकल्यावर त्याला विचारा, श्रावणात नको. एका झटक्यात जाणारी ती बारीक रेघ आपल्याला जन्मात जमायची नाही.

चिंधीची बाहुली धुऊ नका, एवढं पुरे. आतला कापूस गोळा होतो, भुसा असेल तर सडतो. कसर लागली असेल तर पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. आमच्याकडे ती मटारांच्या शेजारी निजली होती आणि पाहुण्यांना दचकवायची. उसवलेली शिवण तेवढी जुळवा, विटलेल्या धाग्याशी जुळणाऱ्या धाग्याने.

आता कपडे. मन इथे रमतं आणि खर्चही फारसा नाही. नवं कापड की जुनं, याचं उत्तर सोपं आहे: जुनं. कापडाची जाडी बाहुलीच्या मापाने कमी होत नाही, ही सगळी मेख आहे. चाळीस सेंटीमीटरची बाहुली म्हणजे पाच-सव्वापाच फुटी बाईचा चौथा हिस्सा. तिला सव्वाआठ मीटरची नऊवारी नेसवायची तर साधारण दोन मीटरची पट्टी लागेल, पण निऱ्या चौपट जाड होऊन पोटावर उशी बांधल्यासारखी दिसेल. म्हणून निऱ्या वेगळ्या घालून शिवून घ्या आणि आतलं कापड सरळ कापून टाका. पैठणीचा सहा सेंटीमीटरचा काठ तिच्या अंगावर चोवीस सेंटीमीटरचा वाटतो. बारीक चौकडा, अरुंद काठ किंवा धुऊन धुऊन विरलेलं मलमलचं लुगडं उत्तम पडतं.

खणाचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. चोळीला शोभतो, परकराला ताठ होतो. शिवाय गडद लाल किंवा काळं कापड व्हिनाइलला रंग सोडतं आणि तो डाग मुरतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासून बघा आणि तरीही आत पांढरं सुती अस्तर लावा. दुरुस्तीत वाचवलेली कातडी कपड्याने घालवायची नाही.

हाताने शिवायचं की मशीनवर? परकर मशीनवर, पोलकं हाताने. परकर म्हणजे सरळ टिपा. कमरेच्या तिप्पट घेर, वर नाडीपुरता नेफा, खाली दुमड, अर्ध्या तासाचं काम. पोलक्याचा मुंढा मात्र दोन बोटांएवढा असतो आणि तेवढा तुकडा मशीन खाली ओढून घेतं. मशीनवरच करायचं असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी घालून शिवा, मग फाडून काढा. शिवणीत अर्धा सेंटीमीटर माया पुरते. जास्त ठेवली तर खांदे फुगतात. हाताची उलटी टीप बारीक घातली तर कोणाला फरक कळत नाही, आणि घाईत चुकलेलं उसवायला सोपी. पोलकं पाठीमागून पूर्ण उघडणारं बेता. घालताना बाहुलीच्या पंजाला पिशवीचा तुकडा गुंडाळला की बोटं बाहीत अडकत नाहीत.

बंद कसले लावायचे? वेल्क्रो केसांना धरतं. प्लॅस्टिकच्या बाहुलीला छोटं टिचबटण लावा. कचकड्याच्या बाहुलीला धातूचं काहीच नको, कारण त्याच वाफांनी हूक गंजतात आणि कापडही कुजतं. तिला नाड्या बांधा आणि कपडे एरवी काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. मावशीला हे सांगताना मी जरा बिचकत होते. ती म्हणाली, "अगं, आमच्या वेळीही ती उघडीच असायची. परकर-पोलकं फक्त लग्नापुरतं."