लाल भोपळा घरी आलाय: घारगे करायचे की केक?

पाव किलोची फोड आणली तर प्रश्नच नसतो. मेथीदाण्याची फोडणी, भाजी, संपलं. पंचाईत होते ती गावाहून कुणी अख्खा भोपळा पाठवला की. कुठे याला डांगर म्हणतात, कुठे काशीफळ, नागपूरकडे कोहळं. नाव काहीही असो, न चिरता ठेवला तर तो महिनोन्‌महिने कोपऱ्यात बसून राहतो. पण एकदा सुरी लागली की फ्रीजमध्येही चार-पाच दिवसांचाच पाहुणा. त्यातून सहामाही परीक्षा संपलेली, मुलं घरात, आणि भोपळ्याची भाजी म्हटलं की दोघांची तोंडं वाकडी. अशा वेळी गोड करायचं हे ठरलेलं असतं. कढई काढायची की ओव्हन, एवढंच ठरवायचं असतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘तळलेलं नको, बेक केलेलं बरं’ म्हणून केककडे वळत असाल, तर केकच्या भांड्यात आपण अर्धी वाटी तेल आधीच ओतलेलं असतं. ते कढईत दिसतं तसं डोळ्यांसमोर नसतं, इतकंच. गूळही दोन्हींत भरपूर. तेव्हा पथ्याच्या हिशेबाने निवड करू नका, ती तिथे होणारच नाही. गॅसपाशी कोण उभं राहणार आणि केलेलं कधी खायचंय, हे विचारा.

घारग्यांचं गणित सोपं आहे. दोन वाट्या किस चमचाभर तुपावर परतून वाफ आणायची, एक वाटी चिरलेला गूळ घालायचा आणि तो विरघळेपर्यंतच शिजवायचा. आटवत बसलात तर पाक होतो आणि घारगे कडक होतात. गार झाल्यावर चिमूट मीठ, जायफळ, चमचाभर रवा, दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. अंदाजे अडीच वाट्या लागते, पण ते भोपळ्यावर आहे. काही भोपळे फारच पाणीदार निघतात. वरून पाण्याचा थेंबही नको. पीठ पुरीपेक्षा घट्टच हवं, कारण गुळाचं पीठ ठेवलं की सैल पडत जातं. मी एकदा पीठ मळून निवांत फोनवर बोलत बसले आणि परत येईपर्यंत त्याचा चिखल झाला होता. पुन्हा कणीक घातली, मग गोडी गेली. म्हणून मळलं की लगेच थापायला घ्यायचं. आणि आच मध्यम. मोठ्या आचेवर गुळामुळे बाहेरून काळे पडतात, आतून कच्चे राहतात.

मुलांना यातलं थापणं मनापासून आवडतं. प्लॅस्टिकच्या कागदाला तेल लावून दिलं की सहा वर्षांचं पोरही गोळा दाबून गोल करतं. गोल होत नाही, ते जाऊ दे. पण तेलापाशी त्यांना येऊ द्यायचं नाही आणि तळणाऱ्याला पाऊण तास कढई सोडता येत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात हा पाऊण तास फार मोठा असतो. घरात मोठं माणूस एकटंच असेल तर मी घारगे सुचवणार नाही.

केकमध्ये उलटं आहे. सगळी गंमत पहिल्या पंधरा मिनिटांत, आणि ती गार भांड्यातली. एक वाटी शिजवून घोटलेला गर, पाऊण वाटी गुळाची पावडर, अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी दही एकत्र फेटायचं. पावणेदोन वाट्या कणीक, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा, दालचिनी, सुंठ, चिमूट मीठ चाळून त्यात मिसळायचं. मोजणं, चाळणं, ओतणं सगळं मुलांच्या हाती देता येतं. कणीक घातल्यावर मात्र चमचा आपल्या हातात घ्या. फार घोटलं की केक चिवट होतो. आधी तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 40 ते 45 मिनिटं. विणायची सुई खुपसून कोरडी आली की झाला. तेवढ्या वेळात पंख्याखाली बसता येतं.

भोपळा कुकरला उकडला असेल तर गर चाळणीवर टाकून अर्धा तास निथळू द्या. हे टाळलं की केक मध्ये खचतो आणि दोष बिचाऱ्या सोड्यावर जातो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकणाखाली मंद आचेवर होतो, तासभर धरा. वरून तांबूस रंग येत नाही, चवीत फार फरक पडत नाही. तरी ओव्हन नसलेल्या घरात घारगे सोडून या खटाटोपात पडावं असं मला वाटत नाही.

टिकण्यात घारगे सरळ पुढे. डब्यात चार दिवस बाहेर राहतात, दुसऱ्या दिवशी तर जास्त चांगले लागतात. दिवाळीच्या सुट्टीत एसटीने किंवा रेल्वेने निघणार असाल तर दुसरा विचारच करू नका. केक ओलसर असतो. या हवेत दोन दिवस, पुढे फ्रीज. शाळेच्या डब्यात तो चुरा होऊन पोहोचतो, घारगा दप्तराखाली दबला तरी घारगाच राहतो.

कोकणातला वाचक एव्हाना वैतागला असेल, की तवसळीचं नाव कसं नाही. बरोबर आहे. पावसाळ्याच्या शेवटी जून झालेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, मिळतं, त्याचा किस, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं घालून केलेला हा आपला जुना केक, ज्याला मालवणकडे धोंडस म्हणतात. पूर्वी टोपाखाली आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत. म्हणजे वरून-खालून धग, ओव्हन तो आणखी काय करतो? सोडा नाही, मैदा नाही. पण खोबऱ्यामुळे त्याच दिवशी संपवावं लागतं, आणि तवसं कडू तर नाही ना हे चाखूनच किसावं लागतं. घरात आठ-दहा माणसं असतील तर हेच करा.

अमेरिकेत किंवा इंग्लंडात असाल तर केक. बंद फ्लॅटमध्ये तळण काढलं की धुराचा अलार्म आधी बोंबलतो, वास पडद्यांत आठवडाभर राहतो. तिथे डब्यातला गर मिळतो, तो आपल्या उकडलेल्या भोपळ्यापेक्षा घट्ट असतो, निथळावा लागत नाही. फक्त डबा उचलताना नीट वाचा. शेजारीच तसाच दिसणारा पायच्या सारणाचा डबा असतो, त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो. आणि हॅलोविनला कोरायचे ते मोठे भोपळे स्वस्त दिसले तरी खायला आणू नका. पाणचट आणि धाग्याधाग्यांचे निघतात. घारग्यांचीच तलफ आली तर बटरनट स्क्वॉश घ्या, किसून छान होतात, आणि तळताना खिडकी उघडी ठेवा.