अहवालातल्या चांदण्या: उंदरांच्या वर्तन-विश्लेषणाच्या एका सॉफ्टवेअरचे परीक्षण

स्वमग्नतेच्या संशोधनासाठी उंदरांवर ज्या सामाजिक वर्तनाच्या चाचण्या घेतल्या जातात, त्यांचे चित्रण तपासून आकडेवारीचा तयार अहवाल देणारे एक सॉफ्टवेअर मी वर्षभर वापरले. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष कितीतरी छापील शोधनिबंधांतही आढळतात.

चित्रणातून उंदराच्या हालचालींचा माग काढण्याचे काम ते उत्तम करते. तीन कप्प्यांच्या चाचणीत एका कडेच्या कप्प्यात तारेच्या पिंजऱ्याखाली अनोळखी उंदीर आणि दुसऱ्या कडेला तसाच रिकामा पिंजरा ठेवून, साधारण १० मिनिटांत उंदीर कुठे किती वेळ रमतो हे मोजायचे असते. हे सॉफ्टवेअर नाकाचे टोक वेगळे ओळखते, त्यामुळे कप्प्यात नुसते बसून राहणे आणि पिंजऱ्याजवळ जाऊन हुंगणे यांची नोंद निरनिराळी होते. स्टॉपवॉच लावून मोजलेल्या वेळांशी मी हे आकडे ताडून पाहिले, तेव्हा तफावत किरकोळ निघाली.

खरी अडचण 'अहवाल' या बटणापासून सुरू होते. प्रत्येक जनुकप्रकारासाठी (सामान्य उंदीर किंवा जनुकात बदल असलेले, म्हणजे उत्परिवर्तित उंदीर) स्वतंत्रपणे दोन्ही कडेच्या कप्प्यांतील वेळांची तुलना केली जाते आणि पी-मूल्य (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली गेले की आलेखातील स्तंभावर चांदणी उमटते. सामान्य उंदरांना चांदणी मिळाली आणि उत्परिवर्तित उंदरांना मिळाली नाही, की दुसऱ्या गटाची सामाजिकता कमी आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण एका गटात पी-मूल्य ०.०४ आणि दुसऱ्यात ०.०६ आले, तर त्यावरून गटागटांत फरक आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. त्यासाठी जनुकप्रकार आणि कप्पा यांच्यातील आंतरक्रियाच, म्हणजे कप्प्यांमधला फरक जनुकप्रकारानुसार बदलतो का हेच, तपासावे लागते. मेंदूविज्ञानातील ५१३ निबंधांची एक पाहणी २०११ साली 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये आली होती. ही चूक होण्यास वाव असलेल्या १५७ निबंधांपैकी ७९ मध्ये ती झालेली होती. तयार अहवालांनी या आकड्यात भरच घातली असावी, असा माझा संशय आहे.

आंतरक्रियेचा पर्याय येथे आहे, पण तो मेनूंच्या आत दडलेला आहे आणि तिथेही तिन्ही कप्प्यांतील वेळ ही स्वतंत्र निरीक्षणे मानली जातात. त्यांची बेरीज ६०० सेकंदच होणार असल्याने एकीकडचा वेळ वाढला की दुसरीकडचा घटणारच. प्रत्येक उंदरामागे पसंतीचा एकच आकडा काढून गटांची थेट तुलना करणे अधिक सरळ आहे, आणि ते शेवटी मला स्वतःच करावे लागले.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे वेताचा रकानाच नाही. एका वेतातील पिल्ले एकमेकांसारखी असतात, त्यामुळे त्यांना स्वतंत्र मोजले तर नमुना फुगतो. पिल्लांत स्वमग्नतेसारखी लक्षणे आणण्यासाठी गर्भार मादीला व्हॅल्प्रोइक आम्ल हे अपस्माराचे औषध देऊन केलेल्या प्रयोगांत तर औषध आईलाच दिलेले असते. चार माद्यांची ३२ पिल्ले तपासली तरी प्रायोगिक एकके चारच राहतात. अहवालात मात्र नमुना संख्या ३२ छापली जाते. याबद्दल ग्राहकसेवेला विचारले असता, वेताचा क्रमांक 'शेरा' या रकान्यात लिहावा, असे उत्तर आले. शेरा विश्लेषणात धरला जात नाही.

माग काढण्यापुरते हे सॉफ्टवेअर अवश्य घ्यावे. कच्चे आकडे सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये सहज बाहेर काढता येतात, त्या फाइलीत वेताचा रकाना आपल्या हाताने जोडावा आणि पुढचे विश्लेषण दुसरीकडे करावे. अहवालाच्या सुविधेसाठी जादा शुल्क आकारले जाते. ते मी यंदा भरलेले नाही.